जुना आय७ की नवा आय३? डेस्कटॉप घ्यायचाय, सल्ला हवा

कळफलक

मंडळी, घरचा डेस्कटॉप आता पुरता थकलाय. बदलायचा हे नक्की, पण दोन पर्यायांवर येऊन अडकले आहे.

पहिला : एका ऑफिसातून निघालेला, वापरलेला डेल ऑप्टिप्लेक्स ७०५० टॉवर. आय७-७७००, ३२ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी.

दुसरा : नवा, असेंबल केलेला. आय३-१२१००, एच६१० बोर्ड, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी).

वेगळं ग्राफिक कार्ड दोन्हीत नाही. नवा थोडा महाग पडतो, पण निव्वळ त्यावर निर्णय व्हावा इतका नाही.

माझं काम : पुस्तकांची पानं लावणं, मुखपृष्ठासाठी फोटोंची थोडी डागडुजी, आणि ब्राउझरमध्ये कायम वीस-पंचवीस टॅब उघडे. गेम खेळत नाही. शिवाय एक जुनं टंकसॉफ्टवेअर आहे, डोंगल (यूएसबीत लावायची परवान्याची किल्ली) लावल्याशिवाय उघडत नाही. ते चाललंच पाहिजे, जुन्या सगळ्या फायली त्यातच आहेत. आणि एकदा घेतलं की किमान पाच वर्षं या भानगडीत पुन्हा पडायचं नाही.

घरात दोन तट पडलेत. भाऊ म्हणतो, आय७ तो आय७. भाची म्हणते, २०१७ चं मशीन आता कोण घेतं! तुम्हाला काय वाटतं?

खटपट्या

आय७. ३२ जीबी रॅम सोडून ८ जीबीकडे कोण जातं? विषय संपला.

शून्य_एक

@खटपट्या, संपला कसा? अजून सुरूही झाला नाही.

आय३, आय५, आय७ हे बिल्ले एकाच पिढीच्या आत तुलना करायला ठीक आहेत. पिढी बदलली की त्यांना फारसा अर्थ उरत नाही. आय७-७७०० मध्ये ४ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), ८ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). आय३-१२१०० मध्येही ४ कोअर, ८ थ्रेड. २०१७ साली जे आय७ म्हणून मिरवायचं तेच २०२२ मध्ये आय३ होऊन बसलं. टर्बो वेगही जवळपास सारखा, ४.२ आणि ४.३ गिगाहर्ट्झ. पण तेवढ्याच गिगाहर्ट्झमध्ये नवा कोअर जास्त काम उरकतो. एका कोअरवरच्या चाचण्यांत १२१०० साधारण ४० टक्के पुढे दिसतो. कॅशही, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, ८ एमबीची १२ झाली.

आणि पानं लावण्याचं काम बरचसं एकाच कोअरवर चालतं. फाँटचा आकार अर्ध्या पॉइंटने वाढवला की तीनशे पानांचा मजकूर पुढे सरकतो, तेव्हा बाकीचे कोअर बघत बसलेले असतात. कळफलक ताईंना हा फरक रोज जाणवेल.

मॉडेल नंबर वाचायला शिका एवढंच म्हणेन. आय७-७७००, आय३-१२१००. आडव्या रेषेनंतरचा पहिला आकडा किंवा पहिले दोन आकडे म्हणजे पिढी. आधी ते बघा, मग आय किती ते.

खटपट्या

प्रोसेसर ४० टक्के वेगवान, आणि रॅम पाव. ८ जीबीत विंडोज, वीस टॅब आणि फोटोचं सॉफ्टवेअर? प्रोसेसर हात जोडून बसेल तुमचा.

रिकामटेकडी

दोघेही बरोबर वाटताहेत. खुर्ची ओढून बसलेय, चालू द्या.

तळटीप

मूळ मुद्द्याकडे कोणी बघतच नाहीये. ताईंची अट आहे पाच वर्षांची.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची मुदत ठेवली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. आणि विंडोज ११ च्या यादीत इंटेलची ८वी पिढी आणि पुढचे प्रोसेसर आहेत, एएमडीचे रायझन २००० पासून पुढचे. ७वी पिढी त्या रेषेच्या एक पायरी खाली राहिली. सातव्या पिढीतल्या एका लॅपटॉप प्रोसेसरला आणि एक्स मालिकेला नंतर सवलत मिळाली, पण ७७०० ला नाही. या ऑप्टिप्लेक्समध्ये विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप असली तरी गाडी प्रोसेसरवरच अडणार.

म्हणजे पहिला पर्याय घेतला तर पाच वर्षांचा प्रश्न पहिल्या वर्षातच उभा राहतो.

खटपट्या

अहो, ती अट काय दगडावरची रेघ आहे का? रूफस नावाच्या सॉफ्टवेअरने विंडोजचा पेनड्राइव्ह बनवायचा, अट काढून टाकायची खूण करायची, झालं. माझ्याकडे ६व्या पिढीवर विंडोज ११ सुखाने नांदतंय.

तळटीप

नांदतं, नाही कोण म्हणतंय? पण अशा मशीनला अपडेटचा हक्क नाही हे मायक्रोसॉफ्टने आधीच सांगून ठेवलंय. दर महिन्याचे अपडेट आज येतात, उद्याची हमी नाही. आणि वर्षाकाठी मोठी आवृत्ती येते ती आपणहून चढत नाही, पुन्हा पेनड्राइव्ह घेऊन बसावं लागतं. २४एच२ आवृत्तीने एसएसई४.२ आणि पॉपसीएनटी या सूचना नसलेले प्रोसेसर पूर्णच बंद केले. ते फार जुने होते, तुमचा ६वा त्यातून सुटला, पण पुढची चाळणी कुठे लागेल हे तुम्हाआम्हाला विचारून ठरणार नाही.

तुम्हाला खटपट आवडते, आयडीतच लिहिलंय. ताईंना भानगड नकोय.

पेंगविन_पंथी

एवढं कशाला? लिनक्स टाका. ७७०० वर उडेल. मराठी इन्स्क्रिप्ट टंकन, लिब्रे ऑफिस, स्क्रायबस, गिंप, सगळं आहे. अपडेटची कटकट नाही.

रिकामटेकडी

आलात! मी म्हणत होते, इतका वेळ झाला, अजून कसे नाही आले.

कळफलक

@पेंगविन_पंथी, मनापासून इच्छा आहे, पण ते डोंगलवालं सॉफ्टवेअर लिनक्सवर नाही चालायचं. विचारून झालंय.

पेंगविन_पंथी

मग माझी शस्त्रं म्यान. बाकी कोणी वाचत असेल आणि डोंगलचं लोढणं गळ्यात नसेल, तर तो ७०५० लिनक्ससाठी झकास आहे, एवढं नोंदवून ठेवतो.

जुनाबाजार

मी वापरलेलीच मशीनं घेत आलोय, घरातली सगळी तशीच आहेत. त्यामुळे ७०५० ची बाजू घेतो, पण घेण्याआधी काय बघायचं ते सांगून.

सुरू करून एफ२ दाबा आणि बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये जा. ॲडमिन पासवर्ड मागितला तर तिथेच थांबा. ऑफिसातून निघालेल्या मशीनमध्ये आयटीवाल्याने घातलेला पासवर्ड तसाच राहिलेला असतो, आणि विकणाऱ्याला तो माहीत नसतो. काही मॉडेलांत मदरबोर्डवरचा जंपर काढून तो उडवता येतो, पण ते विकणाऱ्याकडून करून घ्या. मग बायोसमधली तारीख बघा. जुनी दाखवत असेल तर सीआर२०३२ चा सेल गेलाय. नाण्याएवढा सेल, बदलायला एक मिनिट लागत नाही. एकदा शेजाऱ्यांनी हाक मारली, "नेट चालू आहे पण एकही साइट उघडत नाही, राउटर बदलू का?" घड्याळ काही वर्षं मागे गेलं होतं, त्यामुळे ब्राउझर प्रत्येक साइटचं प्रमाणपत्र अवैध म्हणून नाकारत होता.

बाजूचं झाकण उघडा. कपॅसिटरची टोपी सपाट हवी, फुगलेली किंवा डोक्यावर तपकिरी डाग असलेली नको. पंख्याच्या पात्यांवर धूळ असणारच, पण प्रोसेसरच्या हीटसिंकमध्ये गालिचा झाला असेल तर समजा कोणी कधी उघडलेलाच नाही. पेस्ट बदलावी लागेल. शेवटी क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून एसएसडीचे किती तास झाले आणि आयुष्य किती टक्के उरलंय ते बघा. "नवीन एसएसडी टाकलाय" असं तोंडी सगळेच सांगतात.

एवढ्यातून पास झालं तर जुनी ऑफिस मशीनं दणकट असतात. अनुभव आहे.

निवांत_नाना

दणकट असतात, पण एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) गेला की कळतं. माझ्याकडे एका नावाजलेल्या कंपनीचा असाच टॉवर होता (नाव घेत नाही). एसएमपीएस उडाला म्हणून साधा घेऊन आलो, तर मदरबोर्डची पिन वेगळी, आकार वेगळा, स्क्रूची भोकंही वेगळी. नेहमीची २४ पिनची वायर कुठे जोडणार? शेवटी त्याच मॉडेलचा जुना एसएमपीएस शोधत हिंडलो.

असेंबल्डचं सुख हे, की जे गेलं ते कुठूनही आणून बसवा.

शून्य_एक

+१ नाना. ७०५० लाही तेच लागू. टॉवरमध्ये २४० वॉटचा स्वतःच्या घडणीचा एसएमपीएस येतो. उद्या ताईंना ग्राफिक कार्ड लावावंसं वाटलं, तर स्लॉटमधूनच वीज घेणारं, ७५ वॉटच्या आतलं कार्ड शोधावं लागेल. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं ७० वॉटमध्ये बसतं, त्याला वेगळी वायर नको. त्यापुढे जाता येणार नाही.

आणि ज्यांच्या मनात "नंतर फक्त प्रोसेसर बदलू" असेल त्यांच्यासाठी : ७वी आणि ८वी पिढी, दोन्हींचं सॉकेट एलजीए ११५१ च. पण ७०५० च्या बोर्डवर आहे त्या २०० मालिकेच्या चिपसेटवर ८वी पिढी चालत नाही. म्हणजे ७७०० हा त्या बोर्डाचा जवळपास शेवटचा मुक्काम. याउलट १२१०० च्या एलजीए १७०० बोर्डवर बायोस अपडेट करून १३वी, १४वी पिढीही बसते. तीन वर्षांनी कोणीतरी आय५-१३४०० काढून विकेल, तो घ्यायचा आणि बसवायचा. १० कोअर मिळाले.

खटपट्या

१३-१४वी म्हणजे तीच ना, जी आपोआप बिघडत होती? नवं नवं करत घ्या मग.

शून्य_एक

अर्धी माहिती. जास्त व्होल्टेजमुळे खराब होण्याचा तो प्रश्न १३व्या-१४व्या पिढीतल्या मुख्यतः वरच्या, जास्त वीज खाणाऱ्या प्रोसेसरांचा होता. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. १२वी पिढी त्यात नाही. १२१०० तर नाहीच नाही.

सफरचंदी

मॅक मिनी घ्या आणि सुखी व्हा.

रिकामटेकडी

हा प्रतिसाद मी आधीच टंकून ठेवला होता, तुम्ही दोन मिनिटं आधी टाकलात.

सफरचंदी

हसा. पण धाग्याच्या विषयाला धरून एक सांगतो, कारण "नवं तेच वेगवान" हेही काही खरं नाही. एम१ च्या मिनीत २५६ जीबीचं स्टोरेज दोन चिपांत विभागलेलं होतं. २०२३ चा एम२ मिनी आला, त्यात २५६ जीबीला एकच चिप. परिणाम असा, की नव्या मशीनचा डिस्कचा वेग जुन्याच्या जवळपास निम्म्यावर आला. प्रोसेसर नवा, वेगवान, आणि मोठी फाइल हलवताना मागे. एम४ पासून किमान १६ जीबी मेमरी मिळते हे चांगलं झालं, पण जी घ्याल ती शेवटपर्यंत, नंतर वाढवता येत नाही.

आणि कोणी स्वस्तात मिळतोय म्हणून इंटेलवाला जुना मॅक घेणार असेल तर नको. मॅकओएस २६, म्हणजे ताहो, ही इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती असं ॲपलनेच जाहीर केलंय. विंडोजवाल्यांची ८व्या पिढीची रेघ आहे तशीच ही.

कळफलक

बापरे, भरपूर माहिती. मॅकवर डोंगल चालणार नाही, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

वरची चर्चा वाचून आताच्या मशीनवर टास्क मॅनेजर उघडला. नेहमीचं काम चालू ठेवून बघितलं : ८ जीबीपैकी ७.६ वापरात, डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली, प्रोसेसर मात्र ३० च्या आसपास. याचा अर्थ काय लावायचा?

शून्य_एक

ताई, हे आधी सांगितलं असतंत तर निम्मा धागा वाचला असता :)

रॅम भरली की विंडोज तिथला मजकूर डिस्कवर ढकलतं, पुन्हा लागला की परत आणतं. तुमची डिस्क त्या ने-आणीत गुंतलीय. जुनी फिरणारी हार्ड डिस्क आहे ना? सलग वाचताना ती सेकंदाला दीडशे एमबीच्या आसपास देते, पण असे विखुरलेले छोटे तुकडे वाचताना सेकंदाला एक-दीड एमबीवर येते. म्हणून टॅब बदलला की मशीन श्वास रोखून बसतं. प्रोसेसर बिचारा मोकळाच आहे.

म्हणजे खटपट्यांचा मुद्दा खरा. ८ जीबीचा नवा आय३ घेतलात तर एनव्हीएमईमुळे हे दुखणं बोथट होईल, जाणार नाही. १२१०० घ्या, पण १६ जीबीच्या खाली नको.

खटपट्या

हा प्रतिसाद फ्रेम करून लावतोय.

तळटीप

पण रॅम आता स्वस्त राहिलेली नाही, हेही लक्षात घ्या. २०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरी बनवणाऱ्यांनी डेटा सेंटरकडे मोर्चा वळवला आणि भाव भडकले. मायक्रॉनने तर क्रुशल या ब्रँडचा घरगुती ग्राहकांचा धंदाच बंद करत असल्याचं डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. त्यामुळे "८ वर घ्या, पुढे वाढवू" हा नेहमीचा सल्ला सध्या उलटा पडतो.

गंमत म्हणजे त्या ७०५० मध्ये सगळ्यात मोलाची वस्तू आता प्रोसेसर नसून ३२ जीबी डीडीआर४ आहे.

जुनाबाजार

इथे मला एक वाट दिसते. ताई, त्या एच६१० बोर्डचं पूर्ण मॉडेल विचारा. एच६१० डीडीआर४ चाही येतो आणि डीडीआर५ चाही, खाच वेगळी असते, एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. डीडीआर४ चा असेल तर वापरलेली रॅम लावता येते. टॉवरमधल्या पूर्ण लांबीच्या पट्ट्या हव्यात, छोट्या मिनी डब्यांत लॅपटॉपच्या आखूड पट्ट्या असतात, त्या नाही चालणार. वेग २४०० असला तरी चालेल, अगदी थोडा फरक पडेल.

आणि ८ + ८ अशा दोन पट्ट्या लावा. एकच १६ ची लावली तर एकच चॅनल चालतो, आणि प्रोसेसरमधलं ग्राफिक रॅमवरच जगतं, त्याची अर्धी वाट अडते.

धूळफेक

तिसरा पर्याय कोणीच कसा मांडला नाही? ऑप्टिप्लेक्स ७०६०. ८वी पिढी, आय५-८५००, सहा खरे कोअर, विंडोज ११ अधिकृत. ७०५० पेक्षा नावात फक्त दहाचा फरक.

निवांत_नाना

चांगला पर्याय आहे, एसएमपीएसचं माझं रडगाणं सोडलं तर. पण एका कोअरचा वेग साधारण ७७०० इतकाच, आणि मशीन २०१८ चं. रेषेच्या आत आहे, पण अगदी उंबऱ्यावर. पुढच्या विंडोजने रेषा एक पाऊल सरकवली की हाच पहिला बाहेर.

शून्य_एक

शिवाय एव्ही१ या नव्या प्रकारचे व्हिडिओ. ८व्या पिढीच्या ग्राफिकला तो हार्डवेअरवर उलगडता येत नाही, सगळा भार कोअरवर येतो. १२१०० ला येतो. ताईंच्या कामात हे गौण आहे, पण पाच वर्षं म्हटलं की मोजायला हवं.

मधलीसुट्टी

अवांतर : डोंगलबद्दल कोणी बोललंच नाही. दोन्ही मशीनच्या कुस्तीत खरा पंच तोच आहे. विंडोज ११ मध्ये कोअर आयसोलेशनखाली मेमरी इंटिग्रिटी नावाचं एक बटण असतं. नव्या मशीनवर नवं विंडोज टाकलं की बहुधा ते आधीच चालू असतं, आणि जुने ड्रायव्हर ते अडवतं. डोंगल यूएसबीत घातल्यावर दिवा लागतो, सॉफ्टवेअर मात्र म्हणतं "डोंगल सापडला नाही". माणूस पोर्ट बदलत बसतो. आधी नवा ड्रायव्हर मिळतो का बघा. नसेल तर ते बटण बंद करावं लागेल, सुरक्षा थोडी कमी होईल हे जाणून.

घेण्याआधी कोणाच्या तरी विंडोज ११ वर डोंगल लावून बघा. हे जमलं नाही तर वरची सगळी चर्चा फुकट.

कळफलक

@मधलीसुट्टी, शंभर धन्यवाद. भाचीच्या लॅपटॉपवर लावून बघितलं. अगदी तुम्ही लिहिलंय तस्संच झालं, दिवा लागला आणि "सापडला नाही". बनवणाऱ्यांच्या साइटवर थोडा नवा ड्रायव्हर मिळाला, त्यावरही अडलं. बटण बंद केल्यावर चालू झालं, जुनी फाइल उघडली, छपाईही निघाली.

तर ठरलं : १२१००, बोर्ड डीडीआर४ चा (विचारून खात्री केली), ८ + ८ जीबी. डिस्क २५६ चीच ठेवते, जुनी हार्ड डिस्क फक्त जुनं साठवायला आत लावीन. भावाला अजून पटलेलं नाही.

मेमरी इंटिग्रिटी कायमची बंद ठेवणं कितपत धोक्याचं?

खटपट्या

भावाचं मी समजू शकतो. तो ७०५० पडून राहणार असेल तर विकणाऱ्याचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी बघतो.

पेंगविन_पंथी

रांगेत या. मी आधी नोंदवलंय.

मधलीसुट्टी

@कळफलक, ते बटण मुख्यतः ड्रायव्हरच्या वाटेने आत शिरणारी घाण अडवतं. बंद ठेवायचं तर कुठूनही आणलेलं सॉफ्टवेअर ॲडमिन म्हणून चालवायचं नाही, आणि रोजचं काम साध्या खात्यातून करायचं. त्याहून बरा उपाय म्हणजे आत्ताचं जुनं मशीन मोडीत न काढता नेट काढून त्या एका सॉफ्टवेअरपुरतं ठेवा, जुन्या फायली त्यातून हळूहळू युनिकोडमध्ये आणा आणि नव्यावर बटण चालूच राहू द्या. युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं आणि रफार तपासा, "र्‍य" हमखास तुटतो.

कळफलक

रूपांतरासाठी कोणी काय वापरतं? वेगळा धागा काढू का इथेच विचारू?

रिकामटेकडी

वेगळा काढा. खुर्ची घेऊन येते तिकडे.